अंगात जीव न्हाई, उरक नाही, हाय खाल्ली... आपल्याकडे कुणाला काय म्हणतात?

गोळीवाला (धागाकर्ता)

कोरेगाव तालुक्यात माझं मेडिकलचं दुकान आहे. काउंटरवर दिवसभर जे कानावर पडतं त्यातून हा धागा सुचला.

"अशक्तपणा" हा शब्द डॉक्टरच्या चिठ्ठीत असतो, लोकांच्या तोंडात नसतो. गिऱ्हाईक म्हणतं, "अंगात जीव न्हाई, ताकदीचं कायतरी द्या." दुसरा येतो, "गळाटल्यागत हुतंय." तिसऱ्याचं नुसतंच "बरं वाटंना". म्हातारी माणसं "पाय उचलंना" म्हणतात. शाळेतली पोरं "बोअर होतंय" म्हणतात आणि त्यांचे वडील तेच भाषांतर करून सांगतात, "ह्याला नुसता आळस भरलाय, टॉनिक द्या."

एक गोष्ट मला खटकते. स्वतःबद्दल बोलताना कुणी आळस म्हणत नाही. स्वतःला येतो तो शीण, थकवा, फार तर कंटाळा. आळस कायम दुसऱ्याच्या अंगात: सुनेच्या, पोराच्या, गड्याच्या. सुनेची औषधं न्यायला सासू येते, आणि पैसे काढता काढता सांगते, "तसं काय झाल्यालं न्हाई तिला, कामाचा कटाळा." माझ्या हातातल्या रिपोर्टवर हिमोग्लोबिन आठच्या खाली असतं.

तर आपापल्या गावाकडचे शब्द लिहा. नुसती यादी नको, यादी शब्दकोशात मिळते. कोण कुणाला कधी म्हणतं तेही सांगा.

माणदेशी_गडी

आटपाडीकडचा हाय मी. आमच्यात शीण आनि गळाटा ह्यात फरक करत्यात. शीण कामाचा. दिसभर बाजरी काढली, रातच्याला भाकरी खाऊन आडवा झाला की सकाळी गेला. गळाटा झोपून जात न्हाई. ताप येऊन गेल्यावर हातपाय आपलं वाटत न्हाईत, तांब्याबी जड हुतो, त्यो गळाटा. त्याला कुणी नावं ठेवत न्हाई, उलट कोंबडीचा रस्सा करून घालत्यात.

आता बैलाचं सांगतो. औताला जुंपला की मधीच मटकन खाली बसणारा बैल असतो. नवखा माणूस काठी काढतो. जाणता आधी खांदा बघतो. जू घासून खांदा सुजलेला असला तर बैल बसणारच, त्यात त्येची खोड न्हाई. खांदा चांगला, खुरं चांगली, वैरण खातोय, आनि तरीबी बसतोय, तर मग खोड. खरसुंडीच्या बाजारात खिल्लार घेताना लोक चालवून, फिरवून बगत्यात ते ह्येच्यासाठीच. माणसाचा खांदा मातर कुणी बगत न्हाई.

वाईची_बाई

बैलाचं फार पटलं.

माझा शब्द "उरक". "हिला उरक नाही" हे बाईबद्दल बोलायचं सगळ्यात वाईट वाक्य, आणि ते आळशीपेक्षा जास्त लागतं. आळशी बाई निदान बसून तरी असते. उरक नसलेली सकाळी पाचपासून पायावर उभी असते आणि दुपारी बारापर्यंत तिची भांडी, धुणं, स्वयंपाक सगळं अर्धंअर्धं पडलेलं असतं. ती चुकारपणा करत नसते. तिचं काम पुढंच सरकत नसतं.

पुरुषाला उरक नाही असं म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. ऐकलं असेल कुणी तर सांगा.

ऊसपट्टा_वाळवा

गवंड्याला म्हणतात. "गवंडी हुशार हाय पण उरक न्हाई." शिंप्यालाही म्हणतात, दिवाळीच्या आधी तर जास्तच.

वाईची_बाई

म्हणजे जिथं तुम्ही पैसे मोजता तिथंच! घरातल्या पुरुषाला कोण म्हणतं ते सांगा.

ऊसपट्टा_वाळवा

गप बसतो.

पुण्यात_अडकलो

मूळ कराडचा, सध्या हिंजवडी. आमच्याकडे हे सगळं एका शब्दात: कंटाळा. मीटिंगचा कंटाळा, जेवायचा कंटाळा, झोपायचासुद्धा कंटाळा. तुमचे गळाटा, मरगळ, शीण हे सगळे शब्द शेतात कष्ट करणाऱ्यांचे. खुर्चीत बसून जे होतं त्याला जुना शब्द नाहीच बहुतेक.

विश्रामबागकर

@पुण्यात_अडकलो, आहे की. फार जुना आहे.

मी सांगलीत आयुर्वेद शिकतो, म्हणून हे माहीत. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, चौथ्या अध्यायात, या सगळ्यांच्या एकेका श्लोकात व्याख्या दिल्यात. तंद्रा, जांभई, क्लम, आलस्य, ग्लानी, गौरव, सगळे वेगळे. क्लम म्हणजे कष्ट न करता अंगात भरलेला थकवा, ज्यात धाप लागत नाही पण इंद्रियांचं लक्ष कशात लागत नाही. तुमच्या हिंजवडीच्या खुर्चीसाठीच लिहिलाय असं वाटेल. गौरव म्हणजे अंग जड होणं. तिथं म्हटलंय की माणसाला आपलं शरीर ओल्या चामड्यात गुंडाळल्यासारखं वाटतं आणि डोकं जड होतं. तापात अंग जड झालेल्या कुणालाही विचारा, याहून नेमकं सांगता येणार नाही.

आता मुद्द्याचं. आलस्य म्हणजे काय, तर सुखाची ओढ, कष्टाचा तिटकारा, आणि *शक्ती असूनही* कामात उत्साह नसणं. "शक्तस्य" हा शब्दच श्लोकात आहे. शक्ती असलेल्याचा निरुत्साह तो आळस. ज्याच्यात शक्तीच नाही त्याला हा शब्द लावायचाच नाही.

धागाकर्त्याच्या दुकानातल्या सासूबाईंना हे कुणीतरी वाचून दाखवा.

गोळीवाला

वाचून दाखवलं तर त्या दुकान बदलतील.

पण हे फार मोलाचं दिलंत. आता मराठीत बघा, हा फरक आपण श्लोकाशिवाय रोज करतो. "मी उठत नाही" आणि "मला उठवत नाही". पहिल्यात मर्जी आहे, दुसऱ्यात मर्जीचा संबंधच नाही. उठवंना, चालवंना, बसवंना, बघवंना, खाववंना. पेशंट स्वतःचं सांगतो तेव्हा शंभरातली जवळपास सगळी वाक्यं या दुसऱ्या तऱ्हेची. आणि त्याच पेशंटबद्दल घरचा माणूस बोलतो तेव्हा सगळं पहिल्या तऱ्हेत जातं: उठत नाही, जेवत नाही, काम करत नाही. माणूस तोच, अंथरूण तेच, वाक्य बदललं की तो आजाऱ्याचा आळशी होतो.

वाईची_बाई

हे वर्गात वापरणार. शक्य क्रियापदं शिकवायला इतकं जिवंत उदाहरण मिळालं नव्हतं. पुस्तकात "मला आता पाच मैल चालवते" असलं काहीतरी असतं. कोण चालतंय पाच मैल!

दवाखान्यातली_ताई

आरोग्य सेविका आहे, गाव सांगत नाही. खटाव-माणचा पट्टा समजा.

आमच्या बायकांचा खास वाक्प्रचार कुणी लिहिला नाही म्हणून लिहिते: अंगावर काढणं. ताप अंगावर काढला, अंगावरून जाणं अंगावर काढलं, बाळंतपणानंतरचा अशक्तपणा तर वर्षानुवर्षं अंगावर काढतात. विचारलं तर "काय न्हाई, जरा चक्कर येती". जिना चढताना धाप लागते, भाकरी थापताना मधेच भिंतीला टेकावं लागतं, नखं पांढरी, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली तर आत लाली नाही. "पांढरी फटक पडलीय" असं शेजारीण म्हणते, ती स्वतः नाही.

बिगरगरोदर बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं, गरोदर असेल तर ११ च्या वर. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांत रक्त कमी निघालं. म्हणजे निम्म्याहून जास्त घरांतल्या "उरक नसलेल्या" बाईचा हिशोब इथं लागतो.

लोहाच्या गोळ्यांचं थोडं. गरोदरपणात रोज एक, १८० दिवस. शाळेतल्या मोठ्या मुलामुलींना आठवड्याला एक निळी. गोळ्या मिळतात, पोटात जात नाहीत. कारणं ठरलेली: मळमळतं, शौचाला काळी होते म्हणून घाबरतात (होणारच, लोहामुळे होते, घाबरायचं काही नाही), आणि काही जणी चहाबरोबर घेतात. चहा गोळी वाया घालवतो. लिंबू पिळलेलं पाणी चालतं. रिकाम्या पोटी सोसत नसेल तर जेवणानंतर घ्या, पण चहानंतर तास-दीड तास जाऊ द्या.

आणि सगळं रक्तातच नसतं. थायरॉइड कमी झाली तरी असंच होतं: वजन वाढतं, थंडी सोसत नाही, केस गळतात, सकाळी डोळे उघडत नाहीत. घरच्यांना दिसतं काय, तर खाऊन खाऊन जाड झाली आणि लोळत पडते. एक साधी रक्ततपासणी लागते. बी-१२ कमी असेल तर पायाला मुंग्या येतात, विसरायला होतं.

पुण्यात_अडकलो

बी-१२ माझं पण कमी निघालेलं. दूध पीत नाही, अंडं खात नाही. डॉक्टर म्हणाले इंजेक्शनं घ्या. घेतली आणि कंटाळा निम्मा गेला. उरलेला निम्मा मॅनेजरचा.

सज्जनगड_पायथा

इतिहासाच्या बाजूनं थोडी भर. ऐदी हा शब्द कुणी घेतला नाही. अकबराच्या फौजेत अहदी नावाचे स्वार असायचे. ते कुणा मनसबदाराच्या हाताखाली नसत, थेट बादशहाचे. पगार चांगला, आणि लढाई नसेल तेव्हा काम जवळपास शून्य. त्यांच्या त्या बसून राहण्यावरून मराठीत ऐदी म्हणजे बसून खाणारा झाला. म्हणजे मुळात हा सरकारी नोकरीचा शब्द आहे, यावर कुणी काही बोलू नये.

सुस्त, मलूल, कमकुवत, नाउमेद हेही फारसी-अरबीतून आलेले. आपल्या खास देशी शब्दांत मला आवडतो तो ढिम्म. हाक मारली, ओरडलं, ढकललं, ढिम्म हलत नाही.

आणि साताऱ्यात बसून समर्थांना विसरून कसं चालेल. "यत्न तो देव जाणावा" म्हणणाऱ्यांनी आळशाला कुठं सोडलेलं नाही. दासबोधात करंट्याची लक्षणं सांगताना आळस आलाच.

विश्रामबागकर

समर्थ धडधाकट माणसाला बोलत होते, सूर्यनमस्कार घालणाऱ्याला. कुणी जेवण सोडून चार महिने अंथरुणाला खिळलेल्याच्या तोंडावर ते वाक्य फेकतं तेव्हा अडचण होते. आमच्या गल्लीत असा एक सल्लागार प्रत्येक घरी असतो.

माणदेशी_गडी

ह्येला आमच्यात "खायला काळ भुईला भार" म्हणत्यात. सल्लागाराला न्हवं, आळश्याला. सल्लागाराला जे म्हणत्यात ते हितं लिवता येत न्हाई.

गोळीवाला

आता सलाईनचं बोलायलाच पाहिजे, नाहीतर धागा अर्धा राहील.

आपल्याकडे "एक बाटली लावा" हे अंगात जीव नसण्यावरचं सार्वत्रिक औषध. म्हातारा माणूस मुलाच्या गाडीवर मागे बसून दवाखान्यात येतो, तासभर झोपून बाटली घेतो, आणि जाताना म्हणतो, "आता हुशारी वाटली." त्या बाटलीत काय असतं? पाच टक्के डेक्स्ट्रोजची ५०० मिलीची बाटली असेल तर २५ ग्रॅम ग्लुकोज. पाच-सहा छोटे चमचे साखर झाली. शंभरच्या आतबाहेर कॅलरी. एका भाकरीत याहून जास्त ताकद असते. आणि साधी मिठाची सलाईन असेल तर ५०० मिलीत साडेचार ग्रॅम मीठ, ताकद शून्य.

मग हुशारी कशानं वाटते? माझं मत: तासभर स्वस्थ पडायला मिळतं, पोटात न जाणारं पाणी शिरेतून जातं, आणि मुलगा कामधंदा सोडून शेजारी बसलेला असतो. तिसरं सगळ्यात भारी. ते बाटलीशिवायही देता येतं, पण बाटली लावल्याशिवाय कुणी रजा काढत नाही.

जुलाब-उलट्या, उन्हाचा तडाखा, डेंग्यू अशात सलाईन जीव वाचवते, त्याबद्दल वाद नाही. मी बोलतोय ते दर महिन्याला "ताकदीची" म्हणून लावून घेणाऱ्यांबद्दल. हजार रुपये जातात आणि रक्त तपासायचं राहतं ते राहतंच.

दवाखान्यातली_ताई

यातलं एकही अक्षर मी लिहिलं असतं तर गावात फिरता आलं नसतं. धन्यवाद.

ऊसपट्टा_वाळवा

आमच्याकडं गळीत हंगाम चालू झाला की बीडकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांच्यात थकव्याला शब्दच चालत नाही, चालतो तो खाडा. आजारी असो, पोर तापलेलं असो, फडात आला नाही म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून (आगाऊ घेतलेल्या पैशातून) कापतात. आठवा महिना चालू असलेली बाई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. तिला कुणी विचारलं की दमलीस का, तर म्हणते, "दमून कसं चालंल." दमायचीसुद्धा उचल घेतलेली असते त्यांनी.

आणि त्याच फडाच्या बांधावर मोटारसायकल लावून मोबाइल बघत बसलेला मालकाचा पोरगा (माझाच चुलतभाऊ) म्हणतो, "लई थकलोय राव."

हरभट_रोड

बरेच दिवस वाचतोय, आज लिहितो.

"हाय खाणं" याबद्दल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा आमच्या मामाच्या दुकानात पाणी छताला लागलं. माल सगळा कापडाचा. पाणी उतरलं, गाळ काढला, विम्याचं थोडं मिळालं, उधारीवर नवीन माल भरला. दुकान उभं राहिलं, मामा नाही राहिला. सकाळी शटर उघडायला अकरा व्हायचे. गिऱ्हाईक आलं तरी गादीवरून उठायचा नाही, "ते वरचं घ्या" म्हणून बोटानं दाखवायचा. ठाण फाडताना हात थांबायचा, कापड तसंच मांडीवर. दाढी वाढलेली. आधी सगळे म्हणाले दमलाय. मग म्हणाले कामाचा कंटाळा करतोय. एक-दोघं तर ऐदी म्हणाले, वर कुणीतरी लिहिलाय तोच शब्द.

माझी आजी एकटीच वेगळं म्हणायची. "त्यानं हाय खाल्लीय." ती शाळेत चौथीपर्यंत गेलेली. पण तिनं त्याला कामाला लाव असं कधी म्हटलं नाही. शेजारी जाऊन बसायची, दुकानात, दुपारभर.

शेवटी मिरजेला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या चालू झाल्या, सात-आठ महिन्यांनी बराच सावरला. डॉक्टरांनी डिप्रेशन म्हटलं. घरात अजून तो शब्द कुणी वापरत नाही, "मामानं हाय खाल्लेली तेव्हा" असंच म्हणतात, आणि मला त्यात काही चूक वाटत नाही.

वाईची_बाई

वाईट वाटलं वाचून, आणि बरंही. हाय खाणं, धीर खचणं, मन उडणं, झुरणीला लागणं. या सगळ्यांत बाहेरून काहीतरी घडलेलं असतं हे गृहीत आहे. कुणी आपणहून हाय खात नाही. आजीला ते कळलं होतं.

दवाखान्यातली_ताई

@हरभट_रोड, बरं केलंत लिहिलंत.

इतरांसाठी: मन लागत नाही, आवडीचं काही करावंसं वाटत नाही, झोप-भूक बिघडलीय, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं निघतंय, हे दोन आठवड्यांच्या वर चालू असेल तर थांबू नका. सरकारची टेलीमानस सेवा आहे, १४४१६ वर फोन करायचा, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि डॉक्टर आधी रक्त आणि थायरॉइड तपासायला सांगतील, कारण ते बिघडलं तरी मन असंच होतं. मन आणि रक्त यांच्यात आपण समजतो तेवढी भिंत नाही.

पुण्यात_अडकलो

नंबर सेव्ह केला. स्वतःसाठी नाही. बहुतेक.

वाईची_बाई

"बहुतेक" असेल तर लाव फोन. इथं कुणी नावं ठेवणार नाही.

सज्जनगड_पायथा

उलट बाजूचे शब्दही लिहून ठेवू का? तरतरी, हुरूप, उभारी, उमेद, नेट, धमक, रग, जोम. यातली रग आणि धमक तालमीत. कुस्तीत "ताकद हाय पण दम न्हाई" हे नेहमीचं. पैलवान अंगानं भरलेला असतो, तिसऱ्या मिनिटाला तोंड उघडं पडतं. दम म्हणजे टिकायची ताकद. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं, त्यांची अंगकाठी बघून सुरुवातीला लोकांनी त्यांना मोजलंच नव्हतं म्हणतात. चपळाई आणि दम, दोन्ही.

विश्रामबागकर

आणि "हुशारी"! वर गोळीवाल्यांच्या म्हाताऱ्यानं म्हटलंय तो अर्थ आता शहरात मेला. सांगलीतसुद्धा हुशारी म्हणजे फक्त मार्क.

गोळीवाला

आमच्याकडे अजून जिवंत आहे. "काल पोर मलूल हुतं, आज हुशार हाय." बालवाडीतल्या पोराबद्दल. परीक्षेचा काही संबंध नाही.

एक राहिलं. मेंगळट म्हणजे नक्की काय? अशक्त, की आळशी, की मंद? आज एका बापानं मुलाला म्हटलं, आणि मला टॉनिक द्यावं की शाळेच्या बाईंकडे पाठवावं ते कळेना.

वाईची_बाई

शाळेच्या बाईंकडे पाठवू नका, इथं आधीच बेचाळीस आहेत वर्गात. मेंगळट म्हणजे हळू बोलणारा, हळू चालणारा, मारलं तरी उलट न मारणारा. अशक्त असेलच असं नाही.

ऊसपट्टा_वाळवा

आमच्यात मेंगळट म्हणजे आतल्या गाठीचा पण. वरून गरीब, आतून बेरकी.

वाईची_बाई

तो मेंगळट नव्हे, तो मेंग्या!

माणदेशी_गडी

आमच्यात म्हशीलाबी मेंगळट म्हणत्यात. पर ती दूध जादा देती, म्हनून कुणी टॉनिक मागत न्हाई. आधी त्या पोराचं रगत तपासा, मग बोलू.